भागिले रोध, गुणिले शक्ती

नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत नागपुरात रात्री दहाच्या सुमारास सॉकेटला मल्टिमीटर लावून पाहावं. २३० व्होल्ट दिसतीलच असं नाही. कुठे २१८ दिसतील, डीपीपासून, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब, गल्लीच्या टोकाच्या घरात २०५ दिसतील, आणि पहाटे लोड उतरला की त्याच सॉकेटवर २३८. शाळेच्या पुस्तकात व्होल्टेज दिलेलं असतं, करंट दिलेला असतो, आपण फक्त उत्तर काढायचं. घरात दोन्ही आकडे आपणच मोजायचे असतात, आणि मोजता मोजता ते हलत असतात.

गणित म्हणाल तर दोनच क्रिया आहेत. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध, व्होल्टेजला करंटने गुणलं की शक्ती. २३० व्होल्टवर इस्त्री ४.३५ अँपिअर घेत असेल, तर भागाकार ५२.९ ओहम आणि गुणाकार १००० वॅट. यातून आणखी दोन रूपं निघतात. करंटचा वर्ग गुणिले रोध केलं तरी शक्ती मिळते, आणि व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध केलं तरी शक्तीच मिळते. पहिलं रूप वायर आणि जॉइंट किती तापतील ते सांगतं, दुसरं रूप व्होल्टेज पडल्यावर इस्त्रीचं काय होईल ते सांगतं. कोणतं रूप कुठे लावायचं, हे कळण्यासाठी एकच प्रश्न विचारायचा: या जागी स्थिर काय आहे? वायरमधून जाणारा करंट लोड ठरवतो, म्हणून तिथे करंटचा वर्ग. इस्त्रीवर येणारं व्होल्टेज लाइन ठरवते, म्हणून तिथे व्होल्टेजचा वर्ग.

ज्याच्या नावाने हा भागाकाराचा नियम ओळखला जातो, त्या गेऑर्ग सिमोन ओहमलाही सुरुवातीला हलत्या आकड्यांनीच छळलं होतं. १८२५ साली त्याने जे सूत्र प्रसिद्ध केलं ते आजचं नव्हे; त्यात लॉगॅरिदम होता. त्या काळच्या रासायनिक बॅटरीतून करंट घेतला की तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, खाली यायचा, आणि तारेचा गुण कोणता नि बॅटरीची दमछाक कोणती हे वेगळं करता येत नव्हतं. पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने तांबे आणि बिस्मथ यांचा थर्मोकपल घेतला, म्हणजे दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारी दोन धातूंची जोडी. त्याचं एक टोक उकळत्या पाण्याच्या तापमानाला, दुसरं बर्फात. दाब अगदी थोडा मिळाला, पण तो हलत नव्हता. मग आकडे सरळ रांगेत आले, आणि १८२७ च्या त्याच्या ग्रंथात आज आपण शिकतो तो नियम आला. दोनशे वर्षं होत आली तरी घरातल्या मापनात पहिली चूक तीच होते. व्होल्टेज लोड नसताना मोजतात, करंट लोड लावल्यावर मोजतात, आणि दोघांचा गुणाकार करून टाकतात. हे दोन आकडे दोन वेगळ्या स्थितींचे आहेत. व्होल्टेज आणि करंट एकाच क्षणी, लोड चालू असताना आणि उपकरणाच्याच टोकांवर मोजलेला हवा. बाकी सगळ्या खबरदाऱ्या यानंतरच्या.

आता मोजायचं कशाने, ते पाहू. स्वस्तातल्या पिवळ्या मल्टिमीटरवर घरातला, म्हणजे एसी (सतत दिशा बदलणारा) करंट मोजायची सोयच बहुतेक वेळा नसते. त्यावरची करंटची रेंज डीसीची, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेच्या करंटची असते. त्यातल्या १० अँपिअरच्या सॉकेटला बऱ्याच मॉडेलांत फ्यूजही नसतो. लाल वायर त्या सॉकेटमध्ये राहिली आणि प्रोब घरच्या फेज-न्यूट्रलमध्ये गेले, तर मीटरच्या आतला रोध जवळजवळ शून्य; २३० भागिले जवळजवळ शून्य म्हणजे हातात शॉर्ट सर्किट. मीटर फुटतं, हात भाजतो. घरातल्या करंटसाठी क्लॅम्प मीटर घ्यावं, ज्याला आपल्याकडचे वायरमन टाँग टेस्टर म्हणतात. त्याचा जबडा एकाच तारेभोवती लावायचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र असलेल्या केबलभोवती लावला, तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतं. त्यासाठी एक फूटभर एक्स्टेंशन करून ठेवावं, ज्यात फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगच्या तारा सुट्ट्या दिसतात, पण प्रत्येकीचं इन्सुलेशन शाबूत असतं. लहान करंट मोजताना फेजची तार जबड्यातून दहा वेळा फिरवून घ्यावी आणि आलेल्या आकड्याला दहाने भागावं. एलईडी बल्बाचा ०.०८ अँपिअर साध्या क्लॅम्प मीटरला नीट दिसत नाही. दहा वेढ्यांत तो ०.८ होतो आणि स्पष्ट दिसतो.

मीटर ट्रू आरएमएस आहे की नाही, म्हणजे लहरीचा आकार कसाही असला तरी बरोबर माप देतं की नाही, हेही पाहावं. साधं मीटर लहर गोल, नेहमीची आहे असं धरून चालतं. चौकोनी लहर देणाऱ्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ते ११ टक्के जास्त दाखवतं, आणि इन्व्हर्टर बिघडला असं समजून लोक तो दुरुस्तीला नेतात.

रोध थेट ओहमच्या रेंजवर मोजता येतो, मग व्होल्टेज-करंटचा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. जुन्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बाने याचं उत्तर फार छान मिळतं. २३० व्होल्टचा वर्ग भागिले १०० म्हणजे ५२९ ओहम. तोच बल्ब होल्डरमधून काढून ओहमच्या रेंजवर धरला तर चाळिसच्या आसपास ओहम दिसतात. दोन्ही मापं बरोबर आहेत. टंगस्टनची तार पांढरी तापते तेव्हा तिचा रोध थंडपणीच्या दहा ते पंधरा पट होतो. मल्टिमीटर थंड तारेचा रोध सांगतं; व्होल्टेज-करंटचा भागाकार जळत्या तारेचा. बटण दाबताक्षणी तार थंडच असते, म्हणून पहिल्या क्षणी ०.४३ ऐवजी पाच-सहा अँपिअर धावतात, आणि जुने बल्ब बहुधा लावतानाच उडायचे ते याचमुळे. इस्त्रीच्या नायक्रोमचं तसं नाही. त्याचा रोध तापल्यावर फारच थोडा वाढतो, त्यामुळे इस्त्रीत थंड माप आणि चालू माप जवळजवळ जुळतात. ओहमची रेंज वापरायची असेल तर उपकरण सॉकेटमधून काढूनच, आणि आधी दोन प्रोब एकमेकांना टेकवून प्रोबच्या तारांचा स्वतःचा रोध पाहून घ्यावा. तो साधारण ०.२ ते ०.५ ओहम असतो. तेवढा वजा करायचा.

म्हणूनच उपकरणावरच्या पट्टीवर छापलेला वॅटचा आकडा हा त्या उपकरणाचा कायमचा गुण समजू नये. तो एका ठरलेल्या व्होल्टेजचा आकडा आहे. २०० व्होल्टवर हीच १००० वॅटची इस्त्री २०० चा वर्ग भागिले ५२.९, म्हणजे ७५६ वॅटची होते. व्होल्टेज १३ टक्के घसरलं, उष्णता २४ टक्के घटली. सुती साडीवरची घडी निघत नाही ती या २४ टक्क्यांमुळे. इस्त्रीत बिघाड शोधण्यात अर्थ नाही.

इन्व्हर्टर एसीची, म्हणजे इन्व्हर्टर एअर कंडिशनरची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे, आणि नागपूरच्या उन्हाळ्याच्या दृष्टीने ही उलट गोष्ट महत्त्वाची आहे. त्याच्या आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट हवी तेवढी शक्ती ओढूनच घेतं. १५०० वॅट हवे असतील तर २३० व्होल्टवर ते साडेसहा अँपिअर घेतं आणि २०० व्होल्टवर साडेसात. भागाकार करून पाहा: एकदा ३५ ओहम, एकदा २७. व्होल्टेज पडलं तर रोध कमी झाला! खरं तर इथे रोध नावाची स्थिर वस्तूच नाही; भागाकाराचा आकडा येतो, पण तो फक्त त्या क्षणाचा असतो. करंट १५ टक्के वाढला की वायरमधली उष्णता, करंटच्या वर्गामुळे, ३२ टक्के वाढते. पूर्वी गल्लीचं व्होल्टेज पडलं की बल्ब, हिटर, इस्त्र्या आपोआप कमी शक्ती घ्यायच्या आणि लाइनला थोडी उसंत मिळायची. आता टीव्ही, संगणक, एलईडी, इन्व्हर्टर एसी हे सगळे व्होल्टेज पडलं की करंट वाढवतात, त्याने लाइनवर आणखी व्होल्टेज पडतं. रात्री दहाला गल्लीच्या टोकाचं घर २०५ वर जातं त्यात याचाही वाटा आहे.

कुलरची मोटर या दोन्हींपेक्षा वेगळी. कुलर हे या शहराचं उन्हाळ्यातलं मुख्य यंत्र असल्यामुळे इथे थोडं थांबायला हवं. समजा, सॉकेटमधून काढलेल्या मोटरचं मुख्य वाइंडिंग ओहमच्या रेंजवर ४० ओहम दाखवतं. २३० भागिले ४० म्हणजे पावणेसहा अँपिअर, शक्ती तेराशे वॅट. कोणताही घरगुती कुलर एवढं घेत नाही. चालू मोटरला क्लॅम्प लावला की १.१ अँपिअरच्या आसपास दिसतात. उरलेला करंट कोण अडवतं? एसी करंटमध्ये तांब्याच्या वेढ्यांचं चुंबकत्व स्वतःच उलटा दाब निर्माण करतं आणि फिरता रोटर तो टिकवून ठेवतो. म्हणून मोटरच्या बाबतीत व्होल्टेज भागिले करंट म्हणजे नुसता रोध नव्हे, त्याला इम्पिडन्स म्हणतात. गुणाकाराचंही तसंच आहे: २३० गुणिले १.१ म्हणजे २५३, पण हे वॅट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर आहेत. व्होल्टेज आणि करंट यांच्या लाटा एकाच वेळी चढत-उतरत नाहीत, त्यामुळे त्यातला काही भाग लाइनकडे परत जातो. खऱ्या वॅटसाठी पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं.

पॉवर फॅक्टर मोजणारं यंत्र घरात नसतं, पण खरे वॅट मोजणारं यंत्र प्रत्येक घराच्या दारात लावलेलं असतं. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं. समजा तिथे ३२०० लिहिलंय. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्याला ३२०० ने भागलं की एका लुकलुकीला ११२५ ज्यूल. घरातलं बाकी सगळं बंद करायचं, फ्रिजचा प्लगसुद्धा काढायचा, आणि फक्त कुलर चालू ठेवायचा. मोबाइलच्या घड्याळावर दहा लुकलुकींचा वेळ घ्यायचा. पहिली लुकलुक दिसली की 'शून्य' म्हणायचं. ती 'एक' मोजली तर प्रत्यक्षात नऊच अंतरं मोजली जातात आणि उत्तरात दहा-अकरा टक्क्यांची चूक शिरते. ५६ सेकंद आले, तर ११२५० भागिले ५६, म्हणजे २०१ वॅट. आता २०१ भागिले २५३ केलं की पॉवर फॅक्टर ०.७९. रात्रभर दहा तास कुलर चालला तर दोन युनिट, हा हिशेब याच २०१ वरून करायचा, २५३ वरून नाही. घरगुती बिलातलं युनिट खऱ्या वॅटचं असतं. मोजमापाचा ताळा करायला इतकं चांगलं आणि फुकटचं साधन दुसरं नाही. स्वस्त एलईडी बल्बावरही हे करून पाहावं. क्लॅम्पवर १८ व्होल्ट-अँपिअर आणि डब्यावर ९ वॅट हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, पॉवर फॅक्टर ०.५ असेल तर. फक्त ९ वॅटला दोन लुकलुकींत दोन मिनिटांहून जास्त वेळ जातो, तेव्हा असे आठ-दहा बल्ब एकत्र लावून मोजणं बरं.

मोटरचा डीसी रोध, म्हणजे ते ४० ओहम, वाया गेलेलं माप नाही. त्याचा फार सुंदर उपयोग आहे: वाइंडिंगचं तापमान. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. थंड मोटरचा रोध आणि त्या वेळचं तापमान लिहून ठेवायचं. मोटर दोन तास चालवून, बंद करून, प्लग काढून लगेच पुन्हा रोध मोजायचा. दोन्ही रोधांचं गुणोत्तर हे २३४.५ अधिक तापमान या दोन बेरजांच्या गुणोत्तराइतकं असतं. ४० अंशांना ४० ओहम होते आणि आता ५० आहेत, तर २७४.५ गुणिले सव्वा, वजा २३४.५, उत्तर १०९ अंश. मोटरच्या कव्हरला हात लावून कधीच कळलं नसतं की आत एवढी धग आहे. 'बी' श्रेणीच्या इन्सुलेशनची मर्यादा १३० अंशांची, म्हणजे अजून जागा आहे, पण फार नाही. माप पहिल्या अर्ध्या मिनिटात घेतलं पाहिजे. वाइंडिंग झपाट्याने निवतं आणि उशिराचं माप खोटा दिलासा देतं.

मोटरा सहसा ४० अंशांच्या आसपासच्या हवेसाठी बनवलेल्या असतात. नागपूरचा मे ४५ ओलांडतो, तरी कुलरची मोटर टिकते, कारण ती वाळ्याच्या किंवा वुडवूलच्या ओल्या ताट्यांमधून आलेल्या थंड हवेत बसलेली असते. पंप बंद पडला, टाकी रिकामी झाली किंवा क्षाराने ताट्या चोंदल्या, की तीच मोटर कोरड्या उकळत्या हवेत आली. त्यात बुश कोरडा पडून पातं अडकलं तर उलटा दाब कोसळतो. करंट दुप्पट झाला तरी वाइंडिंगमधली उष्णता चौपट: सुमारे ५० वॅटच्या जागी २००, आणि निववायला वारा शून्य. काही मिनिटांत एनॅमलचा वास येतो. कंडेन्सर कमजोर झाला तरी मोटर गुणगुणते, हळू फिरते आणि तापते. तो बदलणं वाइंडिंग भरून घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

आता त्या घसरलेल्या व्होल्टेजकडे परत येऊ. ते नेमकं कुठे घसरतंय, लाइनवर की आपल्या भिंतीत, हे भागाकाराने शोधता येतं. लागणारं साहित्य: १००० वॅटची इस्त्री आणि २३० व्होल्टवर दशांश दाखवणारं मीटर. पिवळं मीटर २०० च्या पुढे एकेक व्होल्टच्या पायऱ्यांनी चालतं, ते इथे उपयोगाचं नाही. ६००० काउंटचं, म्हणजे ६००० पायऱ्यांपर्यंत आकडा दाखवणारं हवं. त्याच सॉकेटवर इस्त्री बंद असताना समजा २२६.४, चालू असताना २२३.४. फरक ३ व्होल्ट, करंट ४.२ अँपिअर, म्हणून डीपीपासून सॉकेटपर्यंतचा एकूण रोध ०.७१ ओहम. लाइन स्वतःही हलते, म्हणून चालू-बंद आठ-दहा वेळा करून फरकांची सरासरी घ्यायची. इस्त्रीचा थर्मोस्टॅट मध्येच बंद होतो, त्यामुळे तिचा दिवा चालू असतानाच आकडा वाचायचा.

या ०.७१ मध्ये वायरचा वाटा किती? २.५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक तांब्याच्या वायरचा रोध २० अंशांना किलोमीटरला जास्तीत जास्त ७.९८ ओहम धरतात. विजेच्या मीटरपासून सॉकेटपर्यंत २० मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ०.३२ ओहम. न्यूट्रलची तार विसरून निम्मंच उत्तर काढणं, ही इथली नेहमीची चूक. गच्चीखालच्या पाइपात मे महिन्यात वायर ५० अंशांवर असते, म्हणून १२ टक्के वाढवून ०.३६. उरलेले ०.३५ मीटरच्या बाहेरचे, असा अंदाज. तो तपासण्यासाठी इस्त्री त्याच सॉकेटवर ठेवून व्होल्टेजचा फरक मीटरच्या बोर्डवर मोजायचा. उघड्या टर्मिनलपाशी जायचं हे काम जाणत्या वायरमनकडून करून घ्यावं. तिथे दीड व्होल्टचा फरक आला तर घरातलं वायरिंग ठीक, दोष बाहेरचा, महावितरणकडे तक्रार करता येईल. पण तिथे ०.४ व्होल्टच आला, तर उरलेले २.६ व्होल्ट आपल्या घरातच पडतायत. २.६ भागिले ४.२ म्हणजे ०.६२ ओहम, आणि वायरचे ०.३६ वजा केले तर ०.२६ ओहम कुठल्या तरी जॉइंटमध्ये, ढिल्या स्क्रूखाली किंवा काळ्या पडलेल्या सॉकेटच्या पाकळ्यांत लपलेत.

०.२६ ओहम ऐकायला किरकोळ वाटतात. त्याच सर्किटवर एअर कंडिशनर ७ अँपिअर घेऊ लागला की सातचा वर्ग गुणिले ०.२६, म्हणजे पावणेतेरा वॅट. एवढी उष्णता नखाएवढ्या जागेत, बंद प्लॅस्टिकच्या पेटीत, रात्रभर. उष्णतेने पितळ मऊ पडतं, पकड आणखी ढिली होते, रोध वाढतो, उष्णता वाढते. जळका वास येईपर्यंत एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच, काही बोलत नाही, कारण करंट मर्यादेतच आहे. एमसीबी करंट पाहते. ढिला जॉइंट करंट मर्यादेपलीकडे नेत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर हाच हिशेब आणखी कडक होतो. १२ व्होल्टवर ६०० वॅटचा लोड म्हणजे तोटे धरून ६० अँपिअर, आणि टर्मिनलवरच्या पांढऱ्या बुरशीने फक्त ०.०१ ओहम वाढवला तरी ३६ वॅट तिथेच जळतात. याच्या दुसऱ्या टोकाला नागपूरजवळचं कोराडीचं वीज केंद्र आहे: ६६० मेगावॅटचा एक संच ४०० किलोव्होल्टवर वीज देतो तेव्हा तिन्ही फेजच्या प्रत्येक तारेत हजाराच्या आतबाहेर अँपिअर असतात. शक्ती तीच ठेवून व्होल्टेज वाढवलं की करंट घटतो, आणि तारेतला तोटा त्याच्या वर्गाने घटतो, हे तिथे नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

सगळ्यात महत्त्वाचा भागाकार मात्र अर्थिंगचा. विदर्भात कुलरचा शॉक लागून माणसं जातात, दर उन्हाळ्यात बातम्या येतात, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत 'अर्थिंग आहे' असंच सगळे समजून असतात. पत्र्याचा कुलर, आत पाणी, ओली फरशी, अनवाणी पाय. ओल्या माणसाच्या शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरतात. २३० भागिले १००० म्हणजे २३० मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडायला याहून बराच कमी करंट पुरतो.

वायरमन मीटर घेऊन फेज आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजतो, २३० येतात, आणि अर्थिंग चांगलं आहे असं सांगून जातो. या मापाने काहीच सिद्ध होत नाही. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध १ कोटी ओहम असतो. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध १००० ओहम असला, म्हणजे अर्थिंग निव्वळ नावापुरतं असलं, तरी मीटर २२९.९८ दाखवेल. अर्थिंग तपासायचं तर त्यातून करंट वाहायला लावून व्होल्टेज किती पडतं ते पाहायला हवं. जाणकार वायरमन फेज आणि अर्थिंग यांच्यात १०० वॅटचा बल्ब लावून मोजतो: आधी २३०, बल्ब लावल्यावर २१५, फरक १५ व्होल्ट, करंट ०.४२, म्हणून अर्थिंगच्या वाटेचा रोध ३६ ओहम. आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच, असेल तर ती लगेच पडते, ते योग्यच आहे. आणि ही परीक्षा चालू असताना घरातल्या सगळ्या अर्थ केलेल्या पत्र्यांवर ते १५ व्होल्ट येतात, खड्डा फारच वाईट असेल तर त्याहून पुष्कळ जास्त. म्हणून हे घरी स्वतः करू नये, आणि करणाऱ्याने सगळ्यांना पत्र्यापासून दूर ठेवावं. नीट मोजायचं तर अर्थ टेस्टरच आणावा.

जमिनीचा यात मोठा हात आहे. नागपूर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर वसलंय. पश्चिमेला बेसाल्ट, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेला त्याहून फार जुने स्फटिकी खडक. वर काळी माती. ओली असताना ही माती अर्थिंगला उत्तम. तिचा विशिष्ट रोध, म्हणजे माती करंटला किती अडवते त्याचं माप, १० ओहम-मीटर धरला, तर ३ मीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड रॉडचा रोध ३.३ ओहम येतो. तीच माती मे महिन्यात वाळते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, रॉडभोवती पोकळी तयार होते. विशिष्ट रोध १०० झाला की तोच रॉड ३३ ओहमचा. जिथे दोन फुटांखाली बेसाल्ट लागतो आणि रॉड अर्धाच ठोकून सोडलेला असतो, तिथे त्याहूनही जास्त. पावसाळ्यात मोजलेलं अर्थिंग कुलरच्या हंगामात उरत नाही. खड्ड्याला पाइप ठेवून उन्हाळ्यात रोज पाणी घालायची जुनी पद्धत म्हणूनच अगदी योग्य आहे.

कुलरच्या पत्र्याला फेज लागली असं धरू. अर्थिंग २० ओहम, डीपीच्या न्यूट्रलचं अर्थिंग २ ओहम. २३० भागिले २२ म्हणजे साडेदहा अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी यावर कधीच पडणार नाही. पत्र्यावर साडेदहा गुणिले २०, म्हणजे सुमारे २०९ व्होल्ट बसून राहतात, आणि दारातलं मीटर जमिनीत जाणारे २.४ किलोवॅट इमानाने मोजत राहतं. अर्थिंग ३.३ ओहमचं, म्हणजे छान असलं तरी ४३ अँपिअर; सी प्रकारच्या १६ अँपिअर एमसीबीला क्षणात पडायला ८० ते १६० लागतात, एवढ्याला ती कित्येक सेकंद घेऊ शकते, आणि तोवर पत्र्यावर १४३ व्होल्ट. एमसीबी वायरच्या रक्षणासाठी आहे. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. तिचा भागाकार पाहा: अर्थिंग २० ओहम असेल तर ३० मिलिअँपिअरला पत्र्यावर ०.६ व्होल्ट. अर्थिंग बिघडून २०० झालं तरी ६ व्होल्ट. हजार झालं तरी ३०. एवढ्यातच ती तोडते, तेही एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात किंवा त्याआधीच.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. कुलर बाहेर काढताना आणि मग महिन्यातून एकदा ते दाबून पाहावं. दाबून ती पडली, म्हणजे आतलं यंत्र चालतंय एवढंच कळतं. त्या बटणाचा करंट आतल्या एका रोधातून फेजपासून न्यूट्रलकडेच फिरतो, जमिनीकडे जातच नाही. त्यामुळे अर्थिंगची तार कुठे तुटलेली असली तरी बटणाने आरसीसीबी पडेल. कुलरच्या पत्र्यापासून तीन पिनांच्या प्लगमधल्या जाड पिनेपर्यंतची सलगता वेगळी, प्लग काढून, ओहमच्या रेंजवर पाहायची: प्रोबच्या तारा वजा करून अर्ध्या ओहमच्या आत. मीटरचा एक प्रोब रंगावर न टेकवता पत्र्यावरचा रंग खरवडून उघड्या धातूवर टेकवायचा, आणि हीच परीक्षा पंपाच्या लोखंडी बॉडीलाही लावायची.